सांधा आणि परवाना : आज्ञावली घडविणारी साधने एकमेकांशी कशी जोडली जातात

इ. स. २०१२ च्या ऑगस्ट महिन्याचा पहिला दिवस. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात सकाळी साडेनऊ वाजता व्यवहार सुरू झाले, आणि पुढील सुमारे पाऊण तासात नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली पेढीच्या संगणकांनी कोणीही न मागितलेल्या समभागांची प्रचंड खरेदी-विक्री करून टाकली. ग्राहकांच्या मूळ मागण्या होत्या अवघ्या २१२. त्यांच्यापोटी १५४ प्रकारच्या समभागांचे ४० लाखांहून अधिक सौदे झाले. पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा आला, आणि पुढील वर्षी ती दुसऱ्या एका पेढीत विलीन झाली.

हे कसे घडले याची हकीकत अमेरिकेच्या रोखे-व्यवहार नियंत्रण आयोगाने २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये दिलेल्या निर्णयात नमूद आहे. पेढीला आपली नवी आज्ञावली आठ सर्व्हरांवर चढवावयाची होती. हे काम २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने, माणसाच्या हातून चालले होते. सात सर्व्हरांवर नवी आज्ञावली चढली. आठव्यावर चढवावयाची राहून गेली. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ सालीच वापरातून गेलेला जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या आज्ञावलीने जी खूण वापरावयाचे ठरविले होते, तीच खूण पूर्वी या जुन्या भागाला जागे करीत असे. दुसऱ्या माणसाने काम पडताळून पाहावे असा लेखी नियम नव्हता. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने आपण होऊन ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना धाडली होती, परंतु ती धोक्याचा इशारा म्हणून योजलेली नसल्यामुळे त्यांची दखल कोणी घेतली नाही. पुढे घाईघाईत सात सर्व्हरांवरील नवी, बिनचूक आज्ञावली काढून टाकण्यात आली. तेव्हा जो अनर्थ एका ठिकाणी चालला होता तो आठही ठिकाणी सुरू झाला.

नवी आज्ञावली लिहिणाऱ्यांचे तिच्यात काही चुकले होते असे नव्हे. चूक झाली ती आज्ञावली तयार झाल्यानंतर आणि ती कामाला लागण्यापूर्वी, म्हणजे एका साधनाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती द्यावयाच्या जागी. हीच जागा आता बहुतेक ठिकाणी माणसाच्या हाताऐवजी ‘प्लगइन’ नावाच्या छोट्या जोड-आज्ञावलीने सांधली जाते. हा सांधा बसविणे दिसावयास अगदी किरकोळ काम आहे. पडद्यावरील चार-सहा चौकटी भरावयाच्या असतात, इतकेच. परंतु त्या चौकटींत नेमके काय भरले जाते, हे समजून घेण्याजोगे आहे.

भांडारापासून सर्व्हरपर्यंत

मोठी आज्ञावली ही एका माणसाने एका बैठकीत लिहिण्याची वस्तू राहिलेली नाही. निरनिराळ्या गावी, किंबहुना निरनिराळ्या देशांत बसलेली माणसे एकाच मजकुरात भर घालीत असतात. या मजकुराला मूळ संहिता म्हणतात. ती एका सामाईक भांडारात जमा होते. हे भांडार सांभाळणारे ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिहावयास घेतले, आणि आज ते जगभर रूढ आहे. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते व त्या नोंदीला चाळीस अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळतो. हा क्रमांक कोणी दिलेला नसतो. नोंदीच्या मजकुरावरूनच तो गणिताने काढलेला असतो. संहितेत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी क्रमांक पार निराळा येतो. त्याला त्या मजकुराचा ठसा म्हटल्यास वावगे होणार नाही.

भांडारातून बाहेर काढलेल्या संहितेची प्रथम बांधणी करावी लागते, म्हणजे यंत्राला चालविता येईल असे रूप तिला द्यावे लागते. मग चाचण्या होतात, आणि त्यांत उतरलेली आज्ञावली सर्व्हरकडे रवाना होते. या प्रत्येक कामासाठी वेगळे साधन आहे. ते वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळी, बहुधा वेगळ्या संगणकीय भाषेत लिहिलेले असते, आणि शेजारचे साधन अस्तित्वात आहे याची त्याला जाणीवही नसते.

ही साधने एका दावणीला बांधण्याच्या प्रयत्नांत एका माणसाचा वैताग फार उपकारक ठरला. कोहसुके कावागुची हे जपानी आज्ञावलीकार अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत काम करीत असत. त्यांनी केलेल्या बदलांमुळे सर्वांची सामाईक बांधणी अधूनमधून मोडे आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवे. आपली चूक इतरांआधी आपल्यालाच कळावी, म्हणून २००४ साली त्यांनी एक साधन लिहिले. भांडारात काही बदल झाला की हे साधन स्वतःच संहिता बाहेर काढी, बांधणी करी, चाचण्या घेई आणि निकाल सांगे. २००५ च्या फेब्रुवारीत ते ‘हडसन’ या नावाने प्रसिद्ध झाले. इंग्रज घरातील एखाद्या बटलरला शोभावे असे हे नाव होते. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन कंपनी विकत घेतल्यावर या नावाच्या मालकीचा वाद उपस्थित झाला. तेव्हा २०११ च्या जानेवारीत साधनाच्या कर्त्या-वापरत्यांनी २१४ विरुद्ध १४ मतांनी त्याचे नाव बदलून ‘जेंकिन्स’ असे ठेवले. हेही बटलरचेच नाव. त्याच्या प्लगइनच्या धारिकांना मात्र अजून ‘एचपीआय’ हे जुनेच उपपद लागते, आणि त्यातील ‘एच’ हडसनचा आहे. नाव पुसले तरी असा एखादा अवशेष मागे राहतोच.

कावागुची यांचा खरा शहाणपणा असा, की आपल्या बटलरला सर्व कामे शिकविण्याच्या भरीस ते पडले नाहीत. त्यांनी त्याच्या अंगी खोबणी ठेवल्या. ज्याला जे काम हवे त्याने त्या खोबणीत बसेल असा तुकडा लिहावा व बसवावा. हाच तुकडा म्हणजे प्लगइन होय. आज जेंकिन्ससाठी असे १८०० हून अधिक प्लगइन उपलब्ध आहेत. कोणता त्याला गिटची भाषा शिकवितो, कोणता ई-पत्र पाठवावयास, कोणता दूरच्या सर्व्हरवर धारिका चढवावयास.

गोळा आणि टोकन

दोन साधने जोडली की त्यांच्यामध्ये निरोपांची ये-जा सुरू होते, हे उघड आहे. चटकन ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी, की त्या निरोपांबरोबर अधिकारही जातो. खाजगी भांडारातील संहिता जेंकिन्सला वाचावयाची, तर भांडाराने त्याला ओळखले पाहिजे व आत घेतले पाहिजे. तयार आज्ञावली सर्व्हरवर चढवावयाची, तर सर्व्हरनेही त्याला दार उघडले पाहिजे. या अधिकारासाठी जेंकिन्सपाशी एक परवाना ठेवला जातो. त्याला ‘टोकन’ म्हणतात.

हा शब्द भारतीय वाचकास अपरिचित नसावा. आपल्याकडील एकेरी रेल्वेमार्गांवर नील यांची गोळा-टोकन पद्धत अनेक दशके वापरात होती. लगतच्या दोन स्थानकांवर एकेक यंत्र असे व ती दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली असत. त्या दोहोंतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शके. तो गोळा पिशवीत घालून, कड्याला अडकवून चालकाच्या हाती दिला जाई. गोळा हाती असेल तरच गाडी पुढील टप्प्यात न्यावयाची. त्यावर टप्प्याच्या दोन्ही टोकांच्या स्थानकांची नावे असत, आणि शेजारच्या टप्प्याचा गोळा या टप्प्याच्या यंत्रात बसतच नसे. म्हणजे परवाना कोणासाठी, कोठून कोठपर्यंत आणि किती वेळ, हे त्या गोळ्याच्या घडणीतच ठरून गेलेले असे.

संगणकीय टोकनाचा उद्देश तंतोतंत हाच आहे. फरक त्याच्या द्रव्यात आहे. पोलादी गोळा जेथे असेल तेथेच असतो. टोकन ही केवळ अक्षरांची एक ओळ आहे. ती वाचणे म्हणजेच तिची नक्कल करणे होय, आणि नक्कल झाल्यावर मूळ टोकन जागच्या जागीच राहते. चोरी झाली हे धन्याला कळावयास कोणतीही रिकामी जागा दिसत नाही. म्हणूनच हे टोकन कोठे ठेवावे व त्यावर किती टप्पे लिहावेत, हा प्लगइनच्या जुळणीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

चौकटी भरताना

जेंकिन्सला ‘गिटहब’शी जोडण्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. गिटहब हे २००८ साली सुरू झालेले केंद्र असून असंख्य संस्था व व्यक्ती आपली भांडारे तेथे ठेवतात. जेंकिन्सच्या व्यवस्थापन-पृष्ठावर प्लगइनची यादी असते. तीतून गिटहबचा प्लगइन निवडला की तो एकटा येत नाही; गिटचा प्लगइन, परवाने सांभाळणारा प्लगइन व इतर काही त्याच्यामागून येतात, कारण तो त्यांच्या आधाराने उभा आहे. एखाद्या पाहुण्यास बोलवावे आणि त्याच्याबरोबर त्याचे कुटुंब यावे, तसा हा प्रकार आहे. आलेल्या प्रत्येकास घरात सारखाच वावर मिळतो, एवढे मात्र यजमानाने विसरू नये.

त्यानंतर जेंकिन्सला त्याचा स्वतःचा पत्ता सांगावयाचा असतो. नवशिके बहुधा येथेच फसतात. साधन स्वतःच्या संगणकावर प्रथम सुरू केले असता या चौकटीत ‘लोकलहोस्ट’ हा शब्द भरलेला दिसतो. त्याचा अर्थ ‘हाच संगणक’. घरात बसलेल्या माणसाला ‘हेच घर’ म्हणणे पुरेसे आहे, पण परगावच्या माणसाला पाठविलेल्या पत्रावर ‘हेच घर’ असा उलट पत्ता लिहिला, तर तो उत्तर स्वतःच्याच घरी टाकील. गिटहबचे तसेच होते.

मग गिटहबच्या सेवेचा पत्ता व टोकन या दोन चौकटी येतात. टोकन गिटहबवर जाऊन काढावे लागते, आणि काढतेवेळी त्याला कोणकोणते अधिकार द्यावयाचे त्यांची यादी समोर येते. सर्व खुणा करून मोकळे होण्याचा मोह येथे अनिवार असतो. सर्व अधिकार असले म्हणजे काही अडत नाही! प्रत्यक्षात चाचणीचा निकाल नोंदीशेजारी लिहिण्यापुरता एक स्वतंत्र, लहानसा अधिकार उपलब्ध आहे. तो असलेल्याला निकाल लिहिता येतो, पण खाजगी संहिता वाचता येत नाही. निरोपाची व्यवस्था बदलण्याचा अधिकार वेगळा आहे. केवळ एकच भांडार उघडणारी, आणि मुद्दाम सांगितल्याखेरीज लिहू न देणारी किल्लीही मिळते. शेजारच्या टप्प्यात न बसणाऱ्या गोळ्याची ही आधुनिक भावंडे होत.

टोकन संहितेत लिहून ठेवणे हा अक्षम्य प्रमाद समजावा. भांडारातील जुनी नोंद पुढील बदलाने नाहीशी होत नाही. पुढे ते पुसले तरी मागील नोंदीत ते कोणालाही सापडते. जेंकिन्सचा परवाना-प्लगइन टोकन सांकेतिक रूपात ठेवतो, कामापुरते बाहेर काढतो, आणि कामाच्या वृत्तांतात ते उमटू लागल्यास त्या जागी तारका छापतो. हे संरक्षण उपयुक्त आहे, पण ते परिपूर्ण नाही. तीच अक्षरे दुसऱ्या सांकेतिक रूपात लिहिली गेली तर तारका उमटतीलच असे नाही. या चौकटींच्या जवळच ‘टेस्ट कनेक्शन’ असे एक बटण असते. ते दाबले असता परवाना गिटहबला मान्य आहे की नाही ते समजते. बटण लहान आहे. ते न दाबता पुढे गेलेली माणसे दुपार वाया घालवितात.

उरला निरोपाचा प्रश्न. भांडारात बदल झाला हे जेंकिन्सला कळावे कसे? एक मार्ग असा, की त्याने दर पाच मिनिटांनी जाऊन पाहावे. टपालकचेरीत दर घटकेस जाऊन ‘माझे पत्र आले काय’ असे विचारण्याजोगे हे आहे, आणि शेकडो कामे एकाच ठोक्यावर विचारावयास निघाली तर कचेरीचे दार अडते. म्हणून जेंकिन्सच्या वेळापत्रकात ‘एच’ हे अक्षर लिहिण्याची सोय आहे. त्यायोगे प्रत्येक कामाच्या नावावरून त्याचे मिनिट वेगवेगळे ठरते व गर्दी पांगते. दुसरा मार्ग ‘वेबहुक’चा. येथे भांडारच बदल होताच ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडते. त्या पत्त्याच्या अखेरीस एक तिरपी रेषा असावी लागते. ती गाळली तर निरोप दुसऱ्या पत्त्याकडे वळविला जातो व वाटेतच विरतो. एका रेषेपायी सबंध साखळी मुकी होते.

निरोप खरोखर गिटहबचाच कशावरून? जेंकिन्सचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही तोतया तसा निरोप धाडू शकेल. यावर योजलेली युक्ती मोठी सुरेख आहे. दोन्ही बाजूंस एक गुप्त शब्द आधीच भरून ठेवतात. निरोप धाडताना गिटहब त्या निरोपाचा मजकूर व गुप्त शब्द एकत्र करून त्यांचा गणिती ठसा काढते आणि केवळ ठसा निरोपाबरोबर पाठविते. जेंकिन्स आपल्याकडील गुप्त शब्द घेऊन तोच हिशेब करतो. दोन्ही ठसे जुळले तर निरोप खरा. गुप्त शब्द स्वतः तारेवरून कधीच जात नाही. एवढे करूनही प्लगइन निरोपातील मजकुरावर विसंबून बांधणीस लागत नाही. निरोप हा केवळ घंटेचा टोला समजून तो भांडाराकडे जातो, खरोखरच नवी नोंद आहे काय हे पाहतो, आणि मगच कामाला लागतो.

कामाच्या चौकटीत भांडाराचा पत्ता व शाखेचे नाव भरावयाचे असते. येथे ‘मास्टर’ हे नाव आधीपासून भरलेले आढळते. गिटहबने मात्र २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या भांडारांच्या मुख्य शाखेस ‘मेन’ हे नाव देण्यास आरंभ केला. परिणामी सर्व परवाने बिनचूक असूनही जेंकिन्स ‘बांधण्यासारखे काहीच सापडले नाही’ असे सांगून थांबतो, आणि जुळणी करणारा बिचारा टोकनातच दोष शोधीत बसतो.

सर्व जुळल्यावर भांडारातील नोंदीशेजारी हिरवी खूण किंवा तांबडी फुली आपोआप उमटू लागते. चाचणीत उतरलेली आज्ञावली एकाच आज्ञेने आठही सर्व्हरांवर चढते. सातांवर चढली व एकावर नाही, असे झाल्यास काम फसले म्हणून नोंद होते. अर्थात नाइट कॅपिटलचा सर्व दोष याने टळला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. नऊ वर्षे पडून राहिलेला जुना भाग कोणी काढला नव्हता, आणि एका खुणेला दोन अर्थ दिले गेले होते. हे कोणत्याही प्लगइनला कळत नाही. शिवाय यंत्र आठही ठिकाणी बरोबर आज्ञावली जितक्या निष्ठेने चढविते, तितक्याच निष्ठेने चुकीची आज्ञावलीही चढविते.

एका ओळीची भर

सांध्यातून अधिकार वाहतो याचा दाखला २०२१ साली मिळाला. कोडकोव्ह ही सेवा चाचण्यांनी संहितेचा किती भाग तपासला याचे मोजमाप करते. ती वापरणाऱ्यांच्या बांधणी-यंत्रणेत कोडकोव्हची एक छोटी आज्ञावली प्रत्येक वेळी ताजी उतरवून घेऊन चालविली जात असे. ३१ जानेवारी २०२१ पासून परक्या माणसांनी तिच्यात एका ओळीची भर घातली. बांधणी चालू असताना यंत्रणेने कामापुरती बाहेर काढून ठेवलेली माहिती, जीत टोकनही असतात, ती ओळ दुसऱ्याच सर्व्हरकडे धाडी. मोजमाप पूर्वीप्रमाणेच बिनचूक होत राहिले, म्हणून दोन महिने कोणास संशय आला नाही. १ एप्रिल रोजी एका ग्राहकाने उतरविलेल्या आज्ञावलीचा ठसा प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहिला. ते जुळेनात. तेव्हा प्रकार उघडकीस आला.

ग्राहकांना सांगण्यात आले, की बांधणी-यंत्रणेच्या हाताशी असलेले प्रत्येक टोकन व प्रत्येक किल्ली बदला. हॅशिकॉर्प या कंपनीला आपल्या आज्ञावल्यांवर स्वाक्षरी करण्याची किल्लीच रद्द करून नवी करावी लागली. एकेका टोकनाने कोणकोणती दारे उघडतात हे कोठे लिहून ठेवले नसेल, तर अशा वेळी प्रत्येक दारापाशी जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

गिटहबच्या टोकनाला मुदत घालता येते. मुदत संपली की जोडणी थांबते, पण आवाज करीत नाही. नोंदीशेजारी तांबडी फुली उमटत नाही. हिरवी खूणही उमटत नाही, जागा कोरी राहते. ती कोरी जागा कोणाच्या तरी नजरेस पडली की गिटहबवर जाऊन नवे टोकन काढावयाचे, पूर्वी खूण केलेल्या अधिकारांपैकी ज्यांची कधी गरजच पडली नाही ते या वेळी गाळावयाचे, जेंकिन्सच्या त्याच चौकटीत ते भरावयाचे आणि शेजारचे लहान बटण दाबावयाचे.